बोट अचानक काळेनिळे पडते तेव्हा

मार लागलेला नाही, काही टोचलेले नाही, दारात चेंगरलेले नाही. भांडी घासता घासता, बाजाराची पिशवी उचलताना किंवा नुसते बसल्या जागी बोटात एकदम चटका बसतो. सुई खुपसावी तशी कळ येते. बोट ताठ होते, सुजते आणि थोड्याच वेळात त्याची आतली बाजू निळी, मग जांभळी होते. ठणका काही वेळाने उतरतो, पण काळेनिळेपण दिवस-दिवस राहते. महिन्या-दोन महिन्यांनी, कधी वर्षाने, पुन्हा तेच. कधी त्याच बोटात, कधी शेजारच्या.

ज्या बाईला हे पहिल्यांदा होते, ती घाबरते. घरातले तिच्यापेक्षा जास्त घाबरतात. कोणी म्हणते, रक्त तापले. कोणी म्हणते, शीर फुटली, आता लकवा मारणार. कोणी हळूच विचारते, "नवऱ्याने हात पिरगाळला काय गं?" आणि एखादे म्हातारे माणूस कानाशी येऊन सांगते की ही करणी आहे, अमक्या गावच्या भगताकडे जा.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या आपल्या बौद्धवाड्यांसाठी या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग धीराचा: असा एक निरुपद्रवी त्रास खरोखर आहे, त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, आणि त्याने बोट जात नाही की जीव जात नाही. दुसरा भाग सावधपणाचा: आपल्या भागात बोट काळेनिळे पडण्याची दुसरीही कारणे आहेत आणि त्यांतल्या काहींत तासांना किंमत असते. दोन्ही भाग नीट समजून घेऊ.

नाव काय, होते काय

१९५० च्या दशकात वाल्टर आखेनबाख या जर्मन डॉक्टरांनी या त्रासाचे वर्णन लिहून ठेवले. म्हणून त्याला आखेनबाख सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत दुसरे नाव आहे पॅरॉक्सिस्मल फिंगर हिमॅटोमा. सोप्या मराठीत सांगायचे तर बोटात अचानक रक्त साकळणे.

कातडीखालची एखादी बारीक शीर आपोआप किंवा अगदी किरकोळ दाबाने फुटते आणि तिच्यातले रक्त आजूबाजूच्या मऊ भागात पसरते. मुका मार लागल्यावर जे होते तेच, फक्त येथे मार नसतो. शीर का फुटते, याचे पक्के उत्तर अजून मिळालेले नाही. वयाप्रमाणे शिरांची भिंत नाजूक होत असावी, असा अंदाज आहे. बोटाची आतली बाजू आपण दिवसभर वापरतो. पिशवीचा कडा, हंड्याचा काठ, विळ्याची मूठ, ओले कपडे पिळणे, सगळा भार तेथेच येतो. काही बायकांना असा भार पडल्यावर त्रास सुरू होतो. पुष्कळांना मात्र कसलेच कारण सापडत नाही.

हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना पुष्कळ जास्त होतो, आणि तोही बहुधा चाळिशी-पन्नाशीनंतर. तर्जनी आणि मधले बोट यांना जास्त वेळा होतो. त्याची ओळख अशी:

पहिली गोष्ट, तो अचानक येतो. आधी चटका, आग, खाज किंवा मुंग्या, मग सूज, मग निळेपण. दुसरी गोष्ट, निळेपण बोटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे तळहाताकडच्या बाजूला असते. बोटाचे अगदी टोक आणि नख बहुतेक वेळा वाचते. तिसरी गोष्ट, बोट गरम राहते, त्यात जीव राहतो. चौथी गोष्ट, अंगावर दुसरीकडे कुठे डाग नसतात, ताप नसतो, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत नसते. पाचवी गोष्ट, ते आपोआप ओसरते. जांभळा रंग हिरवट होतो, मग पिवळट, आणि चार-पाच दिवसांत ते फार तर दोन आठवड्यांत बोट पहिल्यासारखे होते.

सावळ्या कातडीवर निळा रंग नीट दिसत नाही, तो नुसता काळपट वाटतो. म्हणून बोटाची वरची बाजू बघून निष्कर्ष काढू नका. तळहात उजेडात धरून दोन्ही हातांची बोटे शेजारी शेजारी ठेवून बघा. फरक लगेच कळतो.

आणखी एक साधी परीक्षा घरी करता येते. त्रास होणाऱ्या बोटाचे नख दोन-तीन सेकंद दाबा आणि सोडा. दाबल्यावर नख पांढरे पडते. सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत त्यात पुन्हा गुलाबी रंग आला, तर टोकापर्यंत रक्त पोहोचते आहे. रंग आला नाही, बोट थंडगार लागते, टोक पांढरे किंवा काळे पडले आहे, तर हा आखेनबाख नव्हे. वाट न बघता रुग्णालय गाठा.

आधी साप आठवा

आपल्या भागात कातळ आहे, गवत आहे, दगडी बांध आहेत, लाकडाच्या मोळ्या आहेत. आणि म्हणून फुरसे आहे. फुरसे लहान असते, बोटभर जाडीचे, मातकट रंगाचे. दगडाखाली, पाल्यात, वाळल्या शेणींच्या ढिगात दबून बसते. गवत कापताना हाताच्या बोटाला, अनवाणी चालताना पायाच्या बोटाला चावते. काटा लागला असेल असे वाटून माणूस काम करीत राहतो. दातांचे व्रण बारीक असतात, कधी दिसतही नाहीत. मग बोट सुजते, काळेनिळे पडते आणि घरचे विचारतात, "काही लागले नाही, तर हे झाले कशाने?"

फुरसे आणि घोणस यांचे विष रक्ताची गोठण्याची ताकद मोडते. म्हणून फरक असा ओळखावा. आखेनबाखमध्ये सूज त्या बोटापुरती राहते आणि काही तासांत दुखणे कमी होते. सर्पदंशात सूज चढत जाते, बोटावरून पंजावर, पंजावरून मनगटावर. दुखणे वाढत जाते. चावल्या जागेतून, जुन्या खरचटल्या जागेतून, हिरड्यांतून रक्त झिरपू लागते. लघवी लालसर होते. पण ही सगळी लक्षणे येईपर्यंत थांबायचे नाही. शेतात, गवतात, लाकडांत काम करताना बोटाला कळ आली आणि बोट सुजले, तर ते सर्पदंश समजूनच चालायचे.

अशा वेळी अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा. सूज चढली की ती रुततात. हात किंवा पाय हलवू नका, फळीला किंवा काठीला सैल बांधून स्थिर ठेवा. दोरीने आवळू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने चोखू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालयात जा. तेथे एक साधी तपासणी करतात: रुग्णाचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. २० मिनिटांनी रक्त गोठले नाही, तर विष अंगात भिनले आहे. मग सापाच्या विषावरची लस देतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ती एकच लस चालते, म्हणून साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

विषारी दंशाच्या उपचारात महाड तालुक्याचे नाव जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात काम सुरू केलेले आणि पुढे महाडमध्ये स्थायिक झालेले डॉ. हिंमतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध कसे जीव वाचवते, हे रुग्णांच्या उशाशी बसून दाखवून दिले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. मोठी यंत्रे नव्हती. नाडी, घाम, हातापायांचा गारठा, तासातासाची नोंद, यावर हे काम उभे राहिले. विंचवाच्या दंशात जबर कळ, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय ही लक्षणे असतात. बोट निळे होऊन सुजत जाणे हे फुरशाचे आणि घोणशीचे लक्षण. हा फरक लक्षात ठेवावा आणि तासातासाच्या नोंदीची सवय आपणही उचलावी.

रक्ताची इतर दुखणी

पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर डेंग्यू येतो. डेंग्यूमध्ये रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी होतात. त्या साधारण दीड लाख ते साडेचार लाख असाव्या लागतात. फार खाली गेल्या की अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात, सहज काळेनिळे डाग पडतात. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहणाऱ्यांना आणि पुराच्या पाण्यात वावरणाऱ्यांना लेप्टोचा धोका असतो. २०२१ च्या जुलैमधला महाडचा पूर आपण विसरलेलो नाही. तसे पाणी ओसरल्यावर चिखल उपसणाऱ्या माणसाला ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर लेप्टोची शंका घ्यावी. यांपैकी काहीही असेल तर सोबत ताप असतो. आखेनबाखमध्ये ताप नसतो.

दुसरी बाब औषधांची. हृदयाचा झटका किंवा लकवा येऊन गेलेल्यांना रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या असतात: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन. त्यांनी सहज डाग पडतात. असे डाग पडले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, लकवा परत येऊ शकतो. डॉक्टरांना दाखवा, मात्रा ते ठरवतील. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचाही थोडा असाच परिणाम होतो.

सगळ्यांत लपून बसलेले कारण म्हणजे पुड्या. संधिवातावर, दम्यावर "एका पुडीत आराम" देणारी काही पांढरी भुकटी स्टेरॉईडची असते. ती महिनोन्‌महिने खाल्ली की चेहरा गोल होतो, कातडी कागदासारखी पातळ होते आणि नुसत्या धक्क्याने काळेनिळे डाग पडतात. पुडी घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आणि बरेच महिने घेतलेली पुडी एकदम तोडूही नका, ती हळूहळू उतरवावी लागते.

दारूने यकृत बिघडलेल्या माणसालाही सहज डाग पडतात, कारण रक्त गोठवणारे बरेच घटक यकृतातच तयार होतात. ज्या मुलीला पाळीत फार रक्त जाते, दात काढल्यावर रक्त थांबत नाही आणि वरचेवर डाग पडतात, तिच्या रक्ताची जन्मजात तक्रार असू शकते. मुलग्यांत हिमोफिलिया असतो, त्यात सांध्यांत रक्त उतरते. लहान मुलाच्या अंगावर कारण नसताना डाग पडत असतील तर त्याला आखेनबाख म्हणू नका. ते मोठ्या माणसांचे दुखणे आहे. मुलाची रक्ततपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. रक्ताच्या अशा अवघड दुखण्यांची तपासणी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात आणि त्याच आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेत होते.

सिकलसेलचाही उल्लेख येथे करायला हवा. विदर्भातील बौद्ध कुटुंबांत आणि अनेक आदिवासी समाजांत हा आजार जास्त आढळतो. सोयरिकीने किंवा नोकरीने आपले त्या भागाशी नाते असते. सिकलसेल असलेल्या सहा महिन्यांच्या ते दोन-तीन वर्षांच्या बाळाचे हातपायांचे पंजे आणि बोटे सुजतात, बाळ किंचाळते. तेथे निळेपण नसते, सूज आणि वेदना असते. हे ओळखून वेळीच तपासणी झाली तर बाळाला पुढे जपता येते.

पायाचे बोट असेल तर जास्त जपा

आखेनबाखचा त्रास पायाच्या बोटात क्वचित होतो. म्हणून पायाचे बोट निळे-काळे पडले तर "ताईला हाताला झाले होते तसेच असेल" असे म्हणून घरी बसू नये. तेथे दोन मोठे शत्रू आधी बघावे लागतात.

एक तंबाखू. वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्या, तंबाखू मळणाऱ्या माणसाच्या पायाच्या धमन्या अरुंद होतात. चालताना पोटरी भरून येते, थांबल्यावर बरे वाटते. मग रात्री पाय ठणकतो, बोट थंड पडते, निळे होते आणि शेवटी काळे पडते. असे बोट आपोआप बरे होत नाही. तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय कोणतेही औषध पुरत नाही. बायकांनी लक्षात घ्यावे की मशेरी हीसुद्धा तंबाखूच आहे. "मी तंबाखू खात नाही, नुसती मशेरी लावते" हे बोलणे डॉक्टरांकडे चालत नाही.

दुसरा मधुमेह. साखर वाढलेल्या माणसाच्या पायाला बधिरपणा येतो. खडा टोचला, चप्पल घासली, ठेच लागली, त्याला कळतही नाही. बोट काळे पडल्यावर घरचे बघतात. मधुमेही माणसाने रोज रात्री तळपाय उजेडात बघावेत, स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला बघायला सांगावे. मधुमेह्याच्या पायाचे काळे बोट म्हणजे त्याच दिवशी रुग्णालय.

त्याशिवाय साधी कारणेही असतात. एमआयडीसीत नवे जड बूट घालून दिवसभर उभे राहिल्यावर नखाखाली रक्त साकळते. रस्त्याच्या कामावर दगड फोडण्याचे थरथरणारे यंत्र चालवणाऱ्यांची हाताची बोटे गारव्यात पांढरी, मग निळी पडतात. काही बायकांना थंडीत किंवा गार पाण्यात हात घातल्यावर बोटे आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात. तो रक्तवाहिन्या आवळण्याचा वेगळा त्रास आहे. त्यात रक्त साकळत नाही आणि हात ऊब मिळाल्यावर थोड्या वेळात पूर्ववत होतो.

डॉक्टरांकडे काय सांगावे

पहिल्यांदा त्रास झाला की एकदा डॉक्टरांना दाखवावेच. डॉक्टर बघतील तेव्हा बोट कदाचित बरे झालेले असेल. म्हणून घरातल्या मोबाईलवर फोटो काढून ठेवा: एक लगेच, एक दुसऱ्या दिवशी, एक चार दिवसांनी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला बोटाचे नाव लिहा. त्या वेळी काय काम चालले होते, हेही दोन शब्दांत लिहा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे पिशवीत घालून न्या.

सांगताना असे सांगा: कधी सुरू झाले, किती वेळात निळे झाले, किती दिवसांनी गेले, आजवर किती वेळा झाले. ताप होता का, दुसरीकडे रक्त जाते का, पाळीत जास्त रक्त जाते का, घरात कोणाला असे होते का. तंबाखू, मशेरी, दारू, साखर, रक्तदाब, सगळे खरे सांगा.

बहुतेक वेळा पुरेशा तपासण्या थोड्याच असतात. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, त्यात प्लेटलेट येतात. रक्त गोठण्याची तपासणी. रक्तातली साखर. गरज वाटली तर यकृताची तपासणी. हे सगळे ठीक आले, मनगटाची नाडी नीट लागली, बोटाच्या टोकाला रंग असला, तर पुढे महागड्या स्कॅनची गरज सहसा पडत नाही. कोणी लगेच हजारोंच्या तपासण्या सांगितल्या तर "यातून काय शोधायचे आहे?" असे शांतपणे विचारावे. तो रुग्णाचा हक्क आहे.

हा त्रास तसा कमी दिसतो, म्हणून प्रत्येक डॉक्टरला तो चटकन आठवेल असे नाही. चिठ्ठीवर "आखेनबाख सिंड्रोम" हे नाव लिहून नेण्यात काही वावगे नाही. "हे असू शकते का, बघता का?" एवढे विचारा.

खर्चाची धास्ती घेऊन घरी बसू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. गावची आशाताई आधी कुठे जायचे ते सांगू शकते.

घरी काय करावे, काय करू नये

चटका बसला की हातातले काम खाली ठेवा. पहिल्या दोन मिनिटांत अंगठी काढा, पायाचे बोट असेल तर जोडवी काढा. गार पाण्यात भिजवलेले फडके बोटावर दहा-पंधरा मिनिटे धरा. बर्फ थेट कातडीला लावू नका. हात उशीवर किंवा खांद्याच्या उंचीला ठेवा. फार दुखले तर पॅरासिटामॉलची एक गोळी चालते. ॲस्पिरिन टाळा. आंबेहळदीचा लेप लावायचा असेल तर पातळ लावा, त्याने नुकसान नाही. पण बोट चोळू नका, मालीश करू नका, लगेच शेक देऊ नका. फुटलेली शीर बंद व्हायला वेळ हवा असतो.

काही गोष्टी अजिबात करू नयेत. बिब्बा लावू नये, त्याने कातडी भाजते आणि खरा डाग उरतो. "साकळलेले रक्त काढतो" म्हणून कोणी सुई किंवा ब्लेड लावू देऊ नये, निरोगी बोटात पू होतो. डाग देऊन घेऊ नये. दुसऱ्याच्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेऊ नयेत. "शीर तुंबली आहे" असे समजून त्या घेतल्या, तर साकळणे वाढेल.

रोजच्या कामात थोडे बदल करता येतात. पिशवीच्या कड्याला फडके गुंडाळा, भार दोन हातांत वाटा किंवा पिशवी खांद्याला अडकवा. हंडा बोटांवर तोलू नका, तळहाताने आणि कमरेने तोला. चादरी पिळायला दुसऱ्या माणसाला बोलवा. नवरा, मुलगा, कोणीही चालेल. विळ्याची मूठ बारीक असेल तर कापड गुंडाळून जाड करा. त्रास झाल्यावर दोन-तीन दिवस त्या बोटाला जड काम देऊ नका. एवढी सवलत घरातल्या बाईने मागायची आणि घरातल्यांनी द्यायची. ज्या बाया दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करतात, त्यांनी मालकिणीला आधीच सांगून ठेवावे, फोटो दाखवावा. हे संसर्गाचे दुखणे नाही. या हाताने भाकरी थापता येते, बाळाला घेता येते.

खाण्यात विशेष पथ्य नाही. आवळा, पेरू, लिंबू, पालेभाज्या घरात असाव्यात, त्या शिरांसाठी आणि रक्तासाठी चांगल्या. पण त्यांनी हा त्रास हमखास थांबतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आखेनबाखचे औषध नाही, कारण त्याला औषध लागत नाही.

लोक काय म्हणतात

या दुखण्यात बोटापेक्षा जास्त दुखावते ते लोकांचे बोलणे. "करणी" हा शब्द एकदा उच्चारला की मग करणारी कोण, हा प्रश्न येतो. बोट कोणत्या तरी विधवेकडे, एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे जाते. दोन आठवड्यांत आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यासाठी शेजारच्या घराशी जन्माचे वैर होते. भगताचा उपाय "लागू पडतो", कारण बोट कसेही बरे होणारच असते. कोंबडे कापले नसते तरी ते तेवढ्याच दिवसांत बरे झाले असते.

आणि ते बोट फुरशाने चावलेले असेल, तर भगताच्या अंगणात गेलेले दोन तास परत मिळत नाहीत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

दुसरे बोलणे मारहाणीचे. आखेनबाख असलेल्या बाईच्या घरच्यांवर उगाच संशय घेतला जातो, हे खरे. पण उलटही घडते. मार खाल्लेली बाई "आपोआप झाले" म्हणते. म्हणून शेजारणीने, आशाताईने, महिला मंडळाने एकांतात, आवाज न चढवता एकदा विचारावे. ती नाही म्हणाली तर विश्वास ठेवावा आणि दार उघडे आहे, एवढे कळवावे. मार असेल तर घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे आणि १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे.

हे दिसले तर थांबू नका

पुढीलपैकी एक जरी लक्षण असेल तर त्याच दिवशी रुग्णालय:

१. शेतात, गवतात, लाकडांत काम करताना कळ आली आणि सूज वर चढते आहे.
२. बोट थंड, पांढरे किंवा काळे पडले आहे, नख दाबून सोडल्यावर रंग परत येत नाही.
३. ताप आहे, अंगावर लाल ठिपके किंवा इतर ठिकाणी डाग आहेत.
४. हिरड्या, नाक, लघवी किंवा शौचातून रक्त जाते आहे.
५. रुग्णाला मधुमेह आहे किंवा तो वर्षानुवर्षे तंबाखू घेतो, आणि त्रास पायाच्या बोटाला आहे.
६. रुग्ण लहान मूल आहे किंवा गरोदर बाई आहे.
७. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत.
८. तीन आठवडे झाले तरी बोट पूर्ववत झाले नाही.

यांपैकी काहीच नसेल, एकदा तपासणी होऊन रक्त ठीक आले असेल, आणि दर वेळी बोट काही दिवसांत पूर्ववत होत असेल, तर निर्धास्त राहा. पुढच्या वेळी चटका बसेल तेव्हा काम खाली ठेवा, अंगठी काढा, गार फडके धरा आणि कॅलेंडरवर तारीख लिहा. आणि शेजारणीने विचारले, तर या दुखण्याचे नाव तिलाही सांगा.